आकाशवाणी-दूरदर्शनवरची माणसं कोणत्या पक्षाची असतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी काही वर्षं एका सरकारी प्रसारण केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक होते, पुढे पत्रकारिता शिकवली. आता नाशिकमधल्या वाचनालयांत, महाविद्यालयांत आणि निफाड, चांदवड, दिंडोरीकडच्या गावांत बातम्या कशा ऐकाव्यात यावर बोलते. विषय कोणताही असो, शेवटी गाडी याच प्रश्नांवर येते. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

आकाशवाणीतले लोक सत्ताधारी पक्षाचे असतात, हे खरं आहे का?

नाही. मी ज्यांच्यासोबत काम केलं त्यांच्यात सगळ्या विचारांची माणसं होती. कॅन्टीनमध्ये निवडणुकीवरून कडाक्याचं भांडण व्हायचं आणि दहा मिनिटांनी त्यातलेच दोघं एकाच स्टुडिओत शेजारी बसून कार्यक्रम करायचे. बातम्या वाचणाऱ्याने मत कुणाला दिलं हे त्याच्या आवाजावरून ओळखता येत नाही, आणि ते शोधत बसायचं कारणही नाही. आपला हक्क हवेत आलेल्या शब्दांवर आहे, त्याच्या मतपत्रिकेवर नाही.

पण केंद्रातली माणसं सगळ्या विचारांची असतात, म्हणून बातमीपत्रही समतोल निघतं असं मात्र नाही. या दोन गोष्टींत गल्लत होते. कल येतो तो बहुतेक वेळा वरून आलेल्या यादीतून, बदलीच्या भीतीतून, पुढच्या महिन्यात ड्यूटी मिळेल की नाही या काळजीतून.

बातमी नेमकं कोण लिहितं? वाचणारा स्वतः लिहितो का?

क्वचित. वृत्तनिवेदक म्हणून ज्याचा आवाज तुम्ही ऐकता, तो बऱ्याचदा त्या दिवसापुरता बोलावलेला असतो. मजकूर वृत्तविभाग तयार करतो. प्रादेशिक वृत्तविभाग मोजक्याच केंद्रांवर आहेत आणि जिल्ह्यातून त्यांना बातमी पाठवतो तो अंशकालीन वार्ताहर. गंगापूर रोडवरून जाताना आकाशवाणीचा टॉवर दिसतो म्हणून सगळ्या बातम्या तिथेच शिजतात असं अनेकांना वाटतं. स्थानिक केंद्राचं मुख्य काम म्हणजे गाणी, शेती, आरोग्य, महिला आणि युवकांचे कार्यक्रम.

वृत्तविभागातले वरिष्ठ अधिकारी बहुतांशी भारतीय माहिती सेवेतले असतात. ही सेवा माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची. आज जो अधिकारी पत्र सूचना कार्यालयात बसून सरकारच्या निर्णयांची प्रसिद्धिपत्रकं काढतो, तोच उद्या आकाशवाणीच्या वृत्तविभागात संपादक म्हणून येऊ शकतो. काल सरकारची बाजू मांडायची होती, आज सरकारला प्रश्न विचारायचा आहे. माणूस कितीही सचोटीचा असला तरी एवढी मोठी कूस एका बदलीच्या आदेशाने बदलत नाही. माझ्या मते पक्षपाताचं खरं मूळ इथे आहे, आणि त्यावर चर्चा फार कमी होते.

आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती तर स्वायत्त आहे ना?

कायद्यात आहे. प्रसार भारती कायदा संसदेने १९९० मध्ये केला. तो सात वर्षं पडून राहिला आणि १९९७ च्या सप्टेंबरमध्ये अमलात आला. २३ नोव्हेंबर १९९७ रोजी महामंडळ उभं राहिलं. कायद्याचं कलम १२ वाचण्यासारखं आहे. नागरिकाला मुक्त, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याच्या हक्काचं रक्षण करणं, परस्परविरोधी मतांसह समतोल माहिती देणं आणि स्वतःचं कोणतंही मत किंवा विचारसरणी न रेटणं, हे प्रसार भारतीचं कर्तव्य म्हणून त्यात लिहिलं आहे. मी गावोगाव हे कलम मोठ्याने वाचून दाखवते. लोकांना आश्चर्य वाटतं की असं काही छापील अस्तित्वात आहे.

अध्यक्ष आणि सदस्य यांची निवड राज्यसभेचे सभापती, भारतीय पत्र परिषदेचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती अशा तिघांच्या समितीच्या शिफारशीने होते. इथपर्यंत ठीक. मात्र पगाराचा पैसा केंद्र सरकारच्या अनुदानातून येतो. ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत भरती झालेले सगळे कर्मचारी कायद्याने केंद्र सरकारचेच नोकर आहेत, प्रसार भारतीत ते प्रतिनियुक्तीवर असल्याचं मानलं जातं. शिवाय कलम २३ नुसार देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकार निर्देश देऊ शकतं. पगार सरकारचा, वरिष्ठ अधिकारी मंत्रालयाचे, आणि अपेक्षा मात्र सरकारकडे तटस्थपणे बघण्याची.

हा पक्षपात आत्ताच्या सरकारच्या काळात सुरू झाला का?

ज्यांना असं वाटतं त्यांना मी १९७५ मध्ये घेऊन जाते. आणीबाणीत आकाशवाणीला लोक ‘ऑल इंदिरा रेडिओ’ म्हणू लागले. विद्याचरण शुक्ल माहिती आणि प्रसारण मंत्री होते. सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमासाठी गायला किशोरकुमार यांनी नकार दिला आणि १९७६ च्या मे महिन्यात त्यांची गाणी आकाशवाणी-दूरदर्शनवरून गायब झाली. विचार करा, गाणी! राजकीय भाषण नव्हे. माझ्या आईच्या पिढीने तो काळ सकाळच्या चहासोबत ऐकलेला आहे.

आणीबाणी संपल्यावर जनता सरकारने बी. जी. वर्गीज यांची समिती नेमली. तिने १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ नावाच्या स्वतंत्र राष्ट्रीय न्यासाची शिफारस केली. ती तशीच्या तशी कधीच स्वीकारली गेली नाही. पुढे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनला ‘राजीव दर्शन’ हे नाव पडलं.

आता २०१४ हे एकच वर्ष बघा. एप्रिलमध्ये, काँग्रेसप्रणीत आघाडीचं सरकार असताना, दूरदर्शनने नरेंद्र मोदी यांची मुलाखत काही भाग गाळून दाखवली. त्यावरून गदारोळ झाला आणि तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी जवाहर सरकार यांनी प्रसार भारतीला अपेक्षित स्वायत्तता मिळालेली नाही हे पत्रातून मांडलं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, भाजपचं सरकार आल्यावर, दूरदर्शनने राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक मोहन भागवत यांचं नागपूरचं विजयादशमीचं भाषण थेट दाखवलं. सहा महिन्यांच्या आत हे दोन्ही घडलं. तेवढ्यात दूरदर्शनमधली माणसं बदलली नव्हती. कॅमेरामन तेच, संकलक तेच, निवेदक तेच. बदललं होतं ते सरकार. ‘कर्मचारी अमुक पक्षाचे आहेत’ या आरोपाला याहून सरळ उत्तर माझ्याजवळ नाही.

मग आज तक्रारी कशाबद्दल आहेत?

बऱ्याच आहेत. २०१७ च्या स्वातंत्र्यदिनी त्रिपुराचे तेव्हाचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांनी आपलं भाषण बदलल्याशिवाय प्रसारित करायला नकार मिळाल्याचं सांगितलं. २०२० मध्ये प्रसार भारतीने पीटीआय आणि यूएनआय या वृत्तसंस्थांची सेवा थांबवली आणि २०२३ मध्ये संघपरिवाराशी जवळीक असलेल्या हिंदुस्थान समाचार या संस्थेशी करार केला. २०२४ च्या एप्रिलमध्ये, ऐन निवडणुकीत, डीडी न्यूजचं बोधचिन्ह लाल होतं ते केशरी झालं.

या तिन्हींत मला वृत्तसंस्थेचा करार सर्वांत गंभीर वाटतो. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून त्यावर बोलणं सोपं. पण शेकडो बातमीपत्रांना कच्चा माल कुठून येतो हे ठरलं की निवेदकाच्या हातात फारसं काही उरत नाही. धान्यच एका गिरणीतून आलं तर भाकरी करणाऱ्या बाईला काय बोल लावायचा?

कर्मचाऱ्यांना राजकारणात भाग घेता येतो का? संघाच्या शाखेत जाणं चालतं का?

केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. त्यातला नियम ५ सांगतो की कर्मचारी कोणत्याही राजकीय पक्षाचा सदस्य होऊ शकत नाही, प्रचार करू शकत नाही. मत देऊ शकतो.

१९६६ च्या एका परिपत्रकाने राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमाते इस्लामी यांच्या उपक्रमांत भाग घ्यायलाही मनाई केली होती. ९ जुलै २०२४ च्या आदेशाने त्यातलं संघाचं नाव काढण्यात आलं. हा बदल योग्य की अयोग्य यावर मतभेद आहेत. मला वाटतं, बातम्यांचं काम करणाऱ्यांसाठी इतर खात्यांपेक्षा कडक नियम हवा होता, आणि तो सगळ्या संघटनांना सारखा. तहसील कचेरीतल्या कारकुनाचं मत माझ्या उताऱ्यावर उमटत नाही. वृत्तसंपादकाचं उमटू शकतं.

निवेदकाच्या आडनावावरून त्याचा कल कळतो का?

हा प्रश्न सभेत कुणी मोठ्याने विचारत नाही. सभा संपल्यावर, चपला घालताना, हळू आवाजात विचारतात. ‘ताई, ते अमुक आडनावाचे, म्हणजे त्यांच्याकडचेच ना?’

नाही कळत. मला याचा राग येतो, तो लपवत नाही. माझ्यासोबतच्या एका उद्घोषिकेला तिच्या आडनावावरून एका पत्रात एका पक्षाची ठरवलं होतं आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या पत्रात, तिने एका जयंतीचा कार्यक्रम मनापासून केला म्हणून, दुसऱ्या पक्षाची. तिने ती दोन्ही पत्रं पर्समध्ये ठेवली होती. नोकरी हंगामी, घरी दोन मुलं. पुढे तिने जयंत्यांचे कार्यक्रम घेणंच सोडलं. श्रोत्यांचं त्यात नुकसान झालं, कारण तिच्याइतकी तयारी करून कुणी येत नसे.

जातीवरून पक्ष ठरवणं हा अन्याय आहेच, शिवाय तो तपास म्हणूनही कुचकामी आहे. त्याने बातमीतली खरी चूक सापडत नाही.

मग कुठलाच समाज आकाशवाणीवर कमी दिसत नाही, असं म्हणायचं आहे का?

उलट. फार कमी दिसतो. पण ती गोष्ट पक्षाची नाही, प्रवेशाची आहे. आपल्या जिल्ह्यात बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव या बाजूला अहिराणी बोलतात. सुरगाणा-पेठकडे कोकणा आणि महादेव कोळी समाज आहे. मालेगावात उर्दू वाचणारा, बोलणारा मोठा समाज आहे. निवेदकाच्या आवाजाची चाचणी मात्र प्रमाण मराठीची. सटाण्याच्या मुलाने ‘आनी’ म्हटलं की तो तिथेच गळतो.

सटाण्याजवळच्या एका गावात एक आजोबा मला म्हणाले, रेडिओवर आमचं माणूस कधी बोललंच नाही. त्यांना पक्षपात म्हणजे हेच म्हणायचं होतं. ‘ती पुण्याची माणसं’ असं लोक म्हणतात तेव्हा त्यात पुणे हे गाव नसतं, आपल्यापासून लांब असलेलं सगळं काही असतं. राजकीय कलाविषयीच्या निम्म्या तक्रारी खोदून पाहिल्या की खाली हा दुरावा निघतो. आवाज चाचणीत बोलीला जागा दिली तर त्या कमी होतील, असं मला खात्रीने वाटतं.

एकच बातमीपत्र एकाला सरकारी वाटतं आणि दुसऱ्याला विरोधकांचं. कोण बरोबर?

कधीकधी दोघंही चूक. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८२ च्या बैरुत हत्याकांडाविषयीच्या टीव्ही बातम्या इस्रायलच्या आणि अरबांच्या समर्थकांना दाखवल्या होत्या. बातम्या त्याच. दोन्ही गटांना त्या आपल्या विरोधात वाटल्या. १९८५ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग नंतर अनेक ठिकाणी अनेक विषयांवर पुन्हा करून पाहिला गेला आणि मुळातला निष्कर्ष टिकला. ज्याला विषय फार जवळचा, त्याला समतोल बातमीही उलटीच दिसते.

निफाड तालुक्यातल्या एका किराणा दुकानात मी हे प्रत्यक्ष पाहिलं. कांद्याची निर्यातबंदी चालू होती, रेडिओवर त्याचीच बातमी लागली होती. बातमी संपली तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘बघा, सरकारचीच री ओढली.’ शेजारी बसलेले त्याचे चुलते म्हणाले, ‘काय तर! सगळं आंदोलनवाल्यांचंच सांगितलं.’ दोघांचाही कांदा चाळीत सडत होता.

म्हणून ‘दोन्ही बाजूंकडून शिव्या बसतात, म्हणजे आम्ही बरोबर’ असं काही संपादक म्हणतात तेही मला पटत नाही. दोन्हीकडच्या तक्रारी येतात म्हणून चूक नाही असं सिद्ध होत नाही. तपासावंच लागतं.

कसं तपासायचं? आम्ही काही पत्रकार नाही.

क्रियापदं ऐका. मराठीत कल लपतो तो क्रियापदात.

मंत्री ‘स्पष्ट करतात’, विरोधक ‘आरोप करतात’. मंत्री ‘ग्वाही देतात’, शेतकरी नेते ‘दावा करतात’. स्पष्ट करणं म्हणजे जे आहे ते उघड करणं. दावा म्हणजे खरं असेल किंवा नसेल. वाचणाऱ्याने सूर जराही बदलला नाही तरी ऐकणाऱ्याच्या मनात एक खरा आणि दुसरा संशयित ठरून जातो. ‘म्हणाले’ हे साधं क्रियापद दोघांनाही पुरतं.

मग नामं. तोच प्रसंग ‘शेतकऱ्यांचं रास्ता रोको’ असतो किंवा ‘महामार्गावर वाहतूक विस्कळीत’ असतो. दुसऱ्या वाक्यात शेतकरीच नाही. विधानसभेत ‘विरोधकांचा सभात्याग’ आणि ‘विरोधकांचा गोंधळ’ यांत किती अंतर आहे ते बघा.

मग काय गाळलं ते. इथे मी नाशिककरांना त्यांच्याच घरचं उदाहरण देते. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी केली आणि ४ मे २०२४ ला बंदी उठवली. या शेवटच्या निर्णयाची बातमी दोन प्रकारे देता येते. ‘कांदा निर्यातीला केंद्राची परवानगी.’ किंवा, ‘टनाला ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क लावून कांदा निर्यात खुली.’ दोन्ही वाक्यं खरी आहेत. लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला उपयोग फक्त दुसऱ्या वाक्याचा आहे, कारण त्याला मिळणारा भाव त्या दोन आकड्यांवर ठरणार. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मे ला होतं हे लक्षात घेतलं की पहिलं वाक्य कुणाला सोयीचं, हेही कळतं. तरी मी लगेच हेतूचा आरोप करणार नाही. तीस सेकंदांची मर्यादा असलेला, कांद्याशी संबंध नसलेला उपसंपादक पहिलं वाक्य निव्वळ घाईतही लिहू शकतो. एकदा झालं तर घाई म्हणू. दहा वेळा एकाच दिशेला झालं तर ती घाई उरत नाही.

यासाठी काही पद्धत आहे का?

शंभर पानी वही पुरते. सलग चौदा दिवस एकच बातमीपत्र ऐका, रोज तेच. तारीख, पहिली बातमी कोणती, प्रत्यक्ष आवाज कुणाचा ऐकवला आणि किती सेकंद, सरकारी माणसासाठी कोणतं क्रियापद, विरोधकासाठी कोणतं, आणि त्या दिवशी जिल्ह्यात घडलेलं काय आलंच नाही. शेवटच्या रकान्यासाठी एखादं स्थानिक वर्तमानपत्र सोबत लागेल.

दोघांनी मिळून केलं तर उत्तम, आणि ते दोघं वेगळ्या पक्षाचे असले तर आणखी चांगलं. माझ्या विद्यार्थ्यांच्या अशा जोड्या लावायचे. पहिल्या तीन दिवसांत वाद व्हायचे, पाचव्या दिवसापासून दोघांचे रकाने जुळायला लागायचे. चौदाव्या दिवशी जे उरायचं ते तक्रार करण्याजोगं असायचं. नाशिकला सिंहस्थाच्या तयारीचा काळ यासाठी चांगला आहे. साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याच्या प्रस्तावावरून २०२५ च्या अखेरीस जो वाद झाला, तसे विषय पुढेही येत राहतील. रस्ते किती कोटींचे, हे सगळे सांगतील. झाडांसाठी उभ्या राहिलेल्या माणसाचा आवाज किती सेकंद आला, ते वहीत उतरवा.

उद्घोषक स्वतःहून प्रश्न का विचारत नाहीत? इतकं घाबरायचं काय त्यात?

एक तर आकाशवाणीची जुनी प्रसारण संहिता आहे. तिच्यात नाव घेऊन राजकीय पक्षावर हल्ला करायला आणि केंद्र किंवा राज्यावर शत्रुभावाने टीका करायला मनाई आहे. ‘शत्रुभावाने’ म्हणजे नेमकं किती, हे ठरवणार कोण? वरिष्ठ. मग खालचा माणूस टीकाच टाळतो.

दुसरं, नोकरीचा प्रकार. नैमित्तिक उद्घोषकाला महिन्यात मोजक्या ड्यूट्या मिळतात आणि ड्यूटीगणिक मानधन. त्याला काढून टाकायचीही गरज नसते, पुढच्या महिन्याच्या तक्त्यात नाव घातलं नाही की झालं. मी एकदा थेट फोनच्या कार्यक्रमात पाण्याच्या टँकरबद्दल एका अधिकाऱ्याला दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला, कारण पहिल्यांदा त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. कुणी मला रागावलं नाही. पुढचे दोन महिने तक्त्यात माझं नाव नव्हतं, एवढंच. तिसऱ्या महिन्यापासून मी तोच प्रश्न दोनदा विचारणं बंद केलं. ते मी करायला नको होतं. आज वीस वर्षांनीही त्या गावच्या फोन करणाऱ्या बाईचा आवाज आठवतो. ‘हॅलो, उत्तर नाही आलं हो ताई,’ असं ती म्हणाली होती.

परदेशात असं होतं का?

तिथे आरोप बहुधा उलटा असतो. सरकारचा दबाव नव्हे, कर्मचाऱ्यांचाच कल.

अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये एनपीआर या सार्वजनिक रेडिओचे ज्येष्ठ संपादक युरी बर्लिनर यांनी लेख लिहून सांगितलं की वॉशिंग्टनच्या कार्यालयात संपादकीय पदांवर नोंदणीकृत डेमोक्रॅट ८७ आहेत आणि रिपब्लिकन एकही नाही. संस्थेने त्यांना पाच दिवस निलंबित केलं, मग त्यांनी राजीनामा दिला. २०२५ मध्ये तिथल्या संसदेने सार्वजनिक प्रसारणाचा १.१ अब्ज डॉलरचा निधीच परत घेतला. सर्वाधिक फटका बसतो तो अशा निधीवर अवलंबून असणाऱ्या छोट्या ग्रामीण केंद्रांना. कलावर औषध म्हणून केंद्राचाच गळा आवळायचा, हे मला कधीच पटणार नाही.

ब्रिटनमध्ये बीबीसी घराघरातून घेतलेल्या परवाना शुल्कावर चालते. महासंचालक टिम डेव्ही यांनी २०२० मध्ये कर्मचाऱ्यांना बजावलं होतं की समाजमाध्यमांवर मतं ठासून मांडायची किंवा एखाद्या बाजूचा प्रचार करायचा असेल तर बीबीसीत काम करू नये. २०२३ च्या मार्चमध्ये सरकारच्या निर्वासित धोरणावर ट्विट केलं म्हणून फुटबॉल कार्यक्रमाचे निवेदक गॅरी लिनेकर यांना बाजूला केलं, तेव्हा सहकाऱ्यांनी काम नाकारलं आणि कार्यक्रम समालोचनाशिवाय दाखवावा लागला. नोव्हेंबर २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या भाषणाच्या संकलनावरून वाद होऊन डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी राजीनामे दिले. भाषणातले लांबलांबचे तुकडे एकत्र जोडले होते. ती चूक खरी होती आणि मोठी होती. पण तिथे चूक उघड झाल्यावर सर्वांत वरच्या माणसाने खुर्ची सोडली. आपल्याकडे हंगामी निवेदकाची ड्यूटी जाते.

खासगी वाहिन्या असताना आकाशवाणीची एवढी चिंता कशाला?

कारण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. द्यायच्याच तर आकाशवाणीच्या बातम्या, आहेत तशा. म्हणजे रेडिओवर बातमी नावाची गोष्ट फक्त एकाच घरातून येते. मोबाइलची रेंज जाते तिथे, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात, द्राक्षबागेत फवारणी चालू असताना, गाडी चालवताना रेडिओ ऐकला जातो.

आणि ध्वनिलहरी आपल्या आहेत. बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या फेब्रुवारीत सांगितलं की त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत. त्याआधी १९९२ मध्ये, भोपाळ वायुकांडावरचा राष्ट्रीय पुरस्कारविजेता माहितीपट दाखवायला दूरदर्शनने नकार दिला तेव्हाही न्यायालय दूरदर्शनच्या विरोधात गेलं होतं.

म्हणूनच जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचं ठरलं तेव्हा राज्यभरातून ओरड झाली आणि निर्णय स्थगित झाला. त्या वेळी सगळ्या पक्षांचे लोक एका सुरात बोलले. ज्या बातम्यांना आपण पक्षपाती म्हणून नावं ठेवतो, त्या बंद होणार म्हटल्यावर चुकल्यासारखं झालं.

निवडणुकीत सगळ्या पक्षांना वेळ मिळतो का?

मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांना मिळतो, फुकट. सगळ्यांना समान मूळ वेळ आणि त्यावर मागच्या निवडणुकीतल्या कामगिरीनुसार जादा वेळ. अपक्षाला नाही. भाषणाची संहिता आधी द्यावी लागते आणि ती तपासली जाते. मे २०२४ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सीताराम येचुरी आणि फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन या दोन नेत्यांना भाषणातले काही शब्द गाळायला सांगितलं गेलं होतं. तपासणी असावी, पण कोणता शब्द का काढला याची यादी त्याच दिवशी जाहीर व्हायला हवी, असं माझं मत.

तक्रार कुठे करायची?

आधी केंद्रप्रमुखांना लेखी. तारीख, वेळ, कार्यक्रम आणि शक्य तितकं शब्दशः वाक्य. नंतर केंद्र सरकारचं तक्रार निवारण संकेतस्थळ, किंवा प्रसार भारतीचं दिल्लीतलं कार्यालय. प्रसार भारती माहिती अधिकाराच्या कक्षेत येते, त्यामुळे दहा रुपये शुल्क भरून बातमीपत्राच्या संहितेची प्रत मागता येते. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. आचारसंहिता असेल तर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे.

खरं तर यासाठी स्वतंत्र जागा कायद्यात आहे. कलम १४ आणि १५ मध्ये प्रसारण परिषद सांगितली आहे. कलम १२ चं पालन होत नसेल तर नागरिकाने तिथे जायचं. कायदा अमलात येऊन पाव शतक उलटलं, परिषद कागदावरच आहे. आपले खासदार भेटले की कांदा, रेल्वे आणि विमानतळाबरोबर याचाही एक अर्ज त्यांच्या हातात द्या. मी दोनदा दिला आहे, तिसराही देणार आहे.

निवेदक ओळखीचा असेल तर त्यालाच विचारलं तर चालेल?

‘तुमचा पक्ष कोणता’ असं विचारू नका. वही घेऊन जा. ‘मंगळवारी सकाळी तुम्ही हे वाक्य वाचलंत, त्यात शुल्काचा आकडा नव्हता’ असं म्हणा. तो मजकूर त्याने लिहिलेला नसेल, पण कुणी लिहिला आणि अर्ज कुणाच्या नावे करायचा, हे तो तुम्हाला सांगू शकेल. आणि कधी त्याने अवघड प्रश्न दोनदा विचारलेला ऐकलात, तर त्याच दिवशी केंद्राला पोस्टकार्ड टाका. पुढच्या महिन्याचा तक्ता करणाऱ्याच्या टेबलावर ते पोचतं.